दोन नंबरच्या होल्डमधला कापूस

जिनिंगमध्ये दोन-चार हंगाम काढलेल्या माणसाला कापसाच्या आगीची ओळख करून द्यावी लागत नाही. खामगाव, मलकापूर, नांदुरा, शेगाव, जिथे जिथे रेचे चालतात आणि गाठी बांधल्या जातात, तिथे हे सगळ्यांना ठाऊक आहे: उघड्या रुईची आग भडकते, दिसते आणि वेळेत धावले तर विझते, दाबलेल्या गाठीची आग दिसतच नाही. कापसाबरोबर खडा किंवा लोखंडाचा तुकडा रेच्यात गेला, घासला, ठिणगी उडाली आणि ती ठिणगी रुईसोबत प्रेसमध्ये दाबली गेली, तर गाठ बाहेरून पांढरीशुभ्र राहते आणि आत धुमसत राहते. तिचे वजन होते, मार्का लागतो, ट्रक भरतो. धूर येतो तो नंतर.

याच बुलढाणा जिल्ह्यात दुसरीही एक वस्तू आहे, तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. सातपुड्याच्या पायथ्याचे संग्रामपूर-जळगाव जामोद असो की ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेची शेते असोत, रोही आणि रानडुकरे उभे पीक झोपवतात. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. (जनावर मारायचे तर वन्यजीव कायदा आडवा येतो, तो विषय वेगळा.) ही बंदूक प्रत्येक बाराला हातानेच भरावी लागते. म्हणजे दारू घरात असते. आणि भाव वाढेल या आशेने राखून ठेवलेला कापूसही घरातच असतो, पुष्कळदा आढ्याला टेकेपर्यंत, अंगाला खाज सुटली तरी त्याच्याच शेजारी अंथरूण टाकून. दारूचा डबा आणि कापूस एका छपराखाली.

हीच मांडणी १९४४ साली एका जहाजाच्या पोटात झाली होती. पुढे काय झाले, ते जवळजवळ मिनिटामिनिटाने नोंदले गेले आहे. मुंबई गोदीचा स्फोट म्हणून तो आपल्याला शाळेपासून माहीत असतो. पण आपण तो मोठ्या शहराचा, महायुद्धाचा, सोन्याच्या विटांचा किस्सा म्हणून ऐकतो. मला तो दारू हाताळण्यातल्या चुकांचा घटनाक्रम म्हणून सांगायचा आहे, कारण त्यातली एकही चूक युद्धाची किंवा जहाजाची अशी खास नाही.

२४ फेब्रुवारी १९४४

इंग्लंडच्या बर्कनहेड बंदरातून ‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज निघाले. नोंदणीकृत आकारमान ७,१४२ टन, बांधणी १९४२ची, कॅनडातली. कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ. जहाजात तोफगोळे, सुरुंग, पाणतीर आणि इतर दारूगोळा. ३१ पेट्यांत सोन्याच्या विटा, दर पेटीत चार. रिझर्व्ह बँकेसाठी चाललेल्या या सोन्याची किंमत तेव्हा नऊ लाख पौंडांच्या आसपास होती. जिब्राल्टर, पोर्ट सैद, मग कराची, मग मुंबई असा मार्ग.

इथवर चूक नाही. दारूगोळ्याने भरलेले जहाज युद्धकाळात समुद्रात असणे ही गरज होती, आणि ते सुखरूप पोहोचलेही.

३० मार्च, कराची

माझ्या मते स्फोट इथे झाला. आवाज दोन आठवड्यांनी आला, एवढेच.

कराचीत काही माल उतरला आणि जहाजात जागा मोकळी झाली. युद्धात जहाजे कमी, माल जास्त. मोकळी जागा ठेवून जहाज पाठवणे अधिकाऱ्यांना परवडत नव्हते. म्हणून त्या जागेत जे मिळेल ते भरले गेले: कापसाच्या हजारो गाठी, वंगणतेलाची पिंपे, लाकूड, भंगार लोखंड, मासळीचे खत. अशा सरमिसळीला कप्तान नेस्मिथने हरकत घेतली. तरी जहाज भरले गेले.

दोन नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या मालकोठारात, तळाला कापूस रचला. त्याच्या वरच्या मजल्यावर दारूगोळा होता, आणि त्यात ‘अ’ वर्गाची, म्हणजे लवकर उडणारी स्फोटके होती. मुंबईत पोहोचताना जहाजावर एकूण १,३९५ टन स्फोटके होती. त्यांपैकी २३८ टन या ‘अ’ वर्गातली.

ही मांडणी चुकीची आहे, हे दारू हाताळणाऱ्या साध्या छंदवाल्यालाही कळले असते. अमेरिकेत आणि युरोपात घरी बसून कायदेशीरपणे काडतुसे भरणारे हजारो लोक आहेत. पितळी कवच, तळाची टोपी, दारू, गोळी, असे चार घटक जुळवायचे काम. त्या छंदात नव्याने आलेल्या माणसाला पहिला धडा मिळतो तो मोजमापाचा नसतो, मांडणीचा असतो. मेजावर एका वेळी एकच दारू. टोप्यांचा डबा दारूपासून दूर. डब्यावरची चिठ्ठी कधी काढायची नाही, एका डब्यातले दुसऱ्यात ओतायचे नाही. मेजाजवळ पेटणारे काही नको. हे नियम ज्यांनी घालून दिले, त्यांनी बोटे आणि डोळे गमावलेली माणसे पाहिली होती. एकाच कवचात चुकून दोनदा दारू पडली, म्हणून बंदूक हातात फुटते. दारू पडायचीच राहिली, तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते आणि पुढचा बार नळी फाडतो. दोन्ही वेळी कारण तेच असते: काम चालू असताना कोणीतरी हाक मारली, लक्ष गेले, आणि परत आल्यावर ‘झाले असेल’ म्हणून हात पुढे सरकला.

आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणे गुन्हा आहे आणि तो असावाच. पण ठासणीच्या बंदुकीत अशीच एक चूक आणखी भयंकर रूपात होऊ शकते. ती बंदूक काळ्या दारूसाठी घडवलेली असते. तिच्यात आधुनिक काडतुसातली बिनधुराची दारू घातली, तर तिचा दाब नळीला सोसत नाही आणि नळी भरणाऱ्याच्या तोंडाशी फुटते. दोन्ही चूर्णे काळपट दिसतात. डब्यावर चिठ्ठी नसेल तर ओळखायचे कसे?

या बिनधुराच्या दारूचे मूळ पुन्हा कापूसच. १८४६ साली बाझेलच्या ख्रिश्चन शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक आणि गंधकाम्लाची प्रक्रिया करून स्फोटक कापूस केला असे जाहीर केले. पुढच्याच वर्षी, १४ जुलै १८४७ रोजी, इंग्लंडमधल्या फेव्हरशॅम इथला तो कापूस बनवणारा कारखाना उडाला आणि वीसच्या आसपास कामगार मेले. नंतर अनेक दशके लोकांना तो हाताळता येईना. शेवटी १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने त्याची स्थिर दारू केली. ज्या पिकावर खामगावची बाजारपेठ उभी राहिली आणि जिच्यासाठी १८७० साली जलंबहून खास रेल्वेचा फाटा टाकला गेला, तेच पीक जगभरच्या काडतुसांत जाऊन बसले आहे. आणि दारूगोळा बनवण्याचे काम अजूनही जीव घेते: विदर्भातच, २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार मेले.

कराचीला परत येतो. होल्डमध्ये वर दारूगोळा, खाली कापूस. कापूस पेटला तर आच वर जाणार. यासाठी तज्ज्ञ लागत नाही.

१२ एप्रिल, बुधवार, मुंबई

जहाज व्हिक्टोरिया गोदीत, एक नंबरच्या धक्क्याला लागले. शांततेच्या काळात स्फोटकांचे जहाज गोदीत घेतच नसत. बाहेर खोल पाण्यात उभे करून माल बार्जवर उतरवत. युद्धात तो नियम बाजूला ठेवला गेला.

धोक्याच्या मालाच्या जहाजावर लाल निशाण लावायचा नियम होता. ‘फोर्ट स्टिकिन’वर ते लावले नव्हते. शेजारच्या जहाजांना, धक्क्यावरच्या हमालांना, क्रेनवाल्यांना, कोणालाच या जहाजात काय आहे ते नजरेला दिसेल असे कळत नव्हते. या चुकीचे महत्त्व १४ तारखेच्या दुपारपर्यंत वाढत जाते.

१३ एप्रिल, गुरुवार

माल उतरू लागला. आधी काय उतरवायचे हा साधा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर चुकले. कुजक्या मासळीच्या खताचा दर्प सुटला होता, तो खलाशांना नकोसा झाला होता. स्फोटके उतरवायला बार्ज लागत होते, ते वेळेवर आले नाहीत. जे सोपे, जे नकोसे, ते आधी गेले. जे धोक्याचे, ते पोटात राहिले. एक पूर्ण दिवस असा गेला. पुढे चौकशीत स्फोटके उतरवण्यातली ही दिरंगाई ठळकपणे मांडली गेली.

घरातही असेच होते. कुबट वास येणारी वस्तू आपण लगेच बाहेर काढतो. आजोबांच्या वेळेपासून माळ्यावर पडलेल्या डब्याला वास नसतो.

१४ एप्रिल, शुक्रवार, दुपारी १२.३०

गोदीतल्या कामगारांची जेवणाची सुट्टी झाली. होल्ड रिकामे झाले. याच सुमारास आजूबाजूच्या जहाजांवरच्या काही माणसांना ‘फोर्ट स्टिकिन’मधून बारीक धूर निघताना दिसला. कोणी गडबड केली नाही. धूर पाहणाऱ्यांना ते जहाज दारूगोळ्याचे आहे हे माहीत असते, तर एकजण तरी ओरडला असता. लाल निशाणाचे काम तेच होते.

साडेतीन तास हातात होते.

दुपारी १.४५

कामगार जेवून परतले आणि दोन नंबरच्या होल्डमधून धूर येत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. आरडाओरडा झाला, माणसे भराभर वर आली. जहाजावरच्या लोकांनी आणि धक्क्यावर तैनात असलेल्या आगवाल्यांच्या छोट्या पथकाने पाण्याचे पाइप होल्डमध्ये सोडले.

धूर इतका दाट होता की आग नेमकी कुठे आहे ते दिसत नव्हते. पाणी अंदाजाने पडत होते, धुराच्या दिशेने. गाठींच्या थप्पीत वरून टाकलेले पाणी वरच्या गाठी भिजवते, आतल्या धुमसत राहतात. आपल्या भागात जिनिंगला आग लागली की अनुभवी मुकादम आधी गाठी ओढून वेगळ्या करायला लावतो, त्याचे कारण हेच. जहाजाच्या तळाशी, धुरात, हे कोण करणार? आणि डोक्यावरच्या मजल्यावर काय आहे हे कळल्यावर खाली कोण उतरणार?

दुसरा मार्ग होता. होल्डची तोंडे बंद करून आत वाफ सोडायची, हवा तोडायची. जहाजावर त्यासाठी यंत्रणा असते. ती वापरली गेली नाही.

दुपारी २.१६ ते २.२५

धक्क्यावरच्या पथकाच्या प्रमुखाला स्फोटकांची कल्पना आली तेव्हा त्याने मोठी कुमक मागवायला एक माणूस पळवला. मोठ्या आगीसाठी ठरलेला संदेश टेलिफोनवर द्यायचा होता. त्या माणसाला जो टेलिफोन सापडला, त्याला डायलच नव्हती. त्याने जवळच्या आगसूचक पेटीची काच फोडली. पेटी एवढेच सांगू शकते की इथे आग आहे. किती मोठी, कशाची, ते सांगू शकत नाही.

२.२५ला दोन बंब आले. साध्या आगीला येतात तेवढेच.

या प्रसंगाचा मला फार राग येतो, पण त्या धावलेल्या माणसाचा नाही. त्याने त्याच्या हातात होते ते केले. राग येतो तो याचा, की शेकडो टन स्फोटके धक्क्याला आणून लावणाऱ्या व्यवस्थेने तिथला टेलिफोन चालतो का हे पाहिले नव्हते. आलेल्या बंबवाल्यांनी परिस्थिती पाहून आणखी बंब मागवले, पण धूर पहिल्यांदा दिसल्याला तोवर दोन तास होत आले होते.

दुपारी २.५०

लष्कराच्या दारूगोळा विभागाचे अधिकारी कॅप्टन ओबर्स्ट जहाजावर पोहोचले. काय भरले आहे आणि कुठे, याचा नकाशा त्यांनी पाहिला. हे जहाज उडाले तर सगळी गोदी जाईल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि जहाज बुडवायचा सल्ला दिला.

आता धक्क्यावर पुरेसे जाणकार लोक होते. जहाजाचा कप्तान नेस्मिथ होता. अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स आले. गोदीचे जनरल मॅनेजर कर्नल सॅडलर होते, त्यांच्या मते टग लावून जहाज बाहेर समुद्रात न्यायला हवे होते. बुडवावे, तर गोदीतले पाणी इतके उथळ की तळ टेकल्यावरही वरचा भाग कोरडा राहील. बाहेर न्यावे, तर पाइप सोडवावे लागतील आणि जहाज हलवताना आग वाढेल. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य होते.

जहाजावर हुकूम कप्तानाचा. आगीवर कूम्ब्सचा. गोदीवर पोर्ट ट्रस्टचा. दारूगोळ्यावर लष्कराचा. या सगळ्यांच्या वर उभा राहून ‘हे करा’ म्हणणारा कोणी नव्हता. शंका येते की कोणत्याही एका मार्गाने, चुकीच्या का होईना, लगेच गेले असते तर काही तरी कमी झाले असते. निदान धक्क्यावरची गर्दी हटवता आली असती. कोणीही गोदी रिकामी करण्याचा हुकूम दिला नाही. शेजारच्या जहाजांवर काम चालू होते. बघे जमले होते. लाल निशाण तेव्हाही नव्हते.

दुपारी ३ नंतर

होल्डमध्ये ओतलेले पाणी नऊशे टनांच्या पुढे गेले. जहाजाच्या पोटात पाणी उकळू लागले.

दारू आणि आग यांच्याबद्दल मी जे काही वाचले आहे त्यात हा तपशील मला सर्वांत अस्वस्थ करतो: त्या पाण्याने तळाचा कापूस तरंगू लागला. रुई हलकी, गाठी पाण्यावर चढल्या. जळत्या गाठी जसजसे पाणी वाढेल तसतशा वर सरकत गेल्या, थेट स्फोटकांच्या मजल्याकडे. आग विझवण्यासाठी जे चालले होते, त्यानेच आग दारूगोळ्यापर्यंत पोहोचवली. बंबवाल्यांना याचा दोष देता येणार नाही. कराचीत ज्यांनी कापूस खाली आणि दारूगोळा वर रचला, त्यांनी त्यांच्यापुढे दुसरा मार्गच ठेवला नव्हता.

जहाजाच्या बाजूच्या पत्र्यावर एका जागी रंगाला फोड आले. म्हणजे आगीचे मूळ त्या पत्र्याच्या आत. तिथे भोक पाडून पाण्याचा फवारा थेट आत मारावा, असे ठरले. पत्रा कापण्यासाठी गॅस कटर मागवला. तो चाललाच नाही. अचूक जागा सापडली होती, उपाय सुचला होता, अवजार निकामी निघाले.

दुपारी ३.५०

होल्डच्या तोंडातून ज्वाळा वर आल्या. कूम्ब्सने आपल्या माणसांना जहाजावरून उतरायला सांगितले, कप्तानाने जहाज सोडण्याचा हुकूम दिला. बंबवाल्यांतले बरेच जण धक्क्यावर उतरून तिथूनच पाणी मारत राहिले.

धूर पहिल्यांदा दिसल्यापासून तीन तास वीस मिनिटे. आता सोळा मिनिटे उरली होती. कोणाच्याही घड्याळात ती लिहिलेली नव्हती.

दुपारी ४.०६

‘फोर्ट स्टिकिन’ फुटले. बारा किलोमीटरपर्यंत खिडक्यांच्या काचा गेल्या. कुलाब्याच्या वेधशाळेतल्या भूकंपमापकाने धक्का नोंदला. दूर सिमल्यापर्यंत जमीन हादरल्याची नोंद झाली. गोदीच्या मनोऱ्यावरचे घड्याळ त्या मिनिटाला थांबले. शेजारचे सुमारे चार हजार टनांचे ‘जलपद्म’ पाण्यातून उचलले जाऊन त्याचा मागचा भाग धक्क्यावरच्या गुदामावर जाऊन पडला. आसपासची अकरा जहाजे बुडाली किंवा बुडू लागली.

कप्तान नेस्मिथ मेले. धक्क्यावर उभे असलेले बंबवाले मेले. कूम्ब्स वाचले आणि उठून उरलेली माणसे गोळा करू लागले.

आणि कापूस उडाला. पेटलेल्या गाठी आकाशात जाऊन शहरावर पडल्या: मांडवीच्या धान्याच्या गुदामांवर, झोपड्यांवर, इतर जहाजांवर. जिथे गाठ पडली तिथे नवी आग. लोकांना वाटले जपान्यांनी बॉम्ब टाकले.

दुपारी ४.३४

अठ्ठावीस मिनिटांनी जहाजाचा उरलेला भाग फुटला. तोवर जखमींना उचलायला, आगी विझवायला लोक पोहोचले होते. ते त्यात सापडले.

रात्र, आणि पुढचे दिवस

आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. मृतांचा आकडा कोणी आठशेच्या वर सांगतात, कोणी तेराशेच्या आसपास. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. अडीच हजारांवर जखमी, ऐंशी हजारांच्या आसपास लोक बेघर. पन्नास हजार टन धान्य जळाले, तेही बंगालच्या दुष्काळाच्या पाठोपाठच्या वर्षी. १३ जहाजे गेली.

बातमी बाहेर फुटली ती दुसऱ्या दिवशी, जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओवरून. इथल्या वर्तमानपत्रांना मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत छापू दिले नाही. आपल्याच शहरात काय झाले ते लोकांना शत्रूच्या रेडिओवरून कळले, आणि ज्यांनी जहाजावर निशाण लावले नाही त्याच राजवटीने नंतर बातमीही झाकली. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत.

आठ हजार माणसे सात महिने राबली तेव्हा पाच लाख टन राडारोडा उपसून गोदी पुन्हा चालू झाली. सोन्याच्या विटा दूरवर उडाल्या होत्या. एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून एक वीट आत आली. त्यांनी ती परत केली. पुढची कित्येक वर्षे गाळ काढताना विटा सापडत राहिल्या आणि सोने जवळजवळ सगळे परत मिळाले.

चौकशी

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लेनर्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. आग बहुधा कापसाच्या गाठींत लागली, असा निष्कर्ष निघाला. दोष निघाले ते असे: दारूगोळ्याच्या खाली कापूस रचणे, लाल निशाण न लावणे, स्फोटके उतरवायला उशीर, वाफेची यंत्रणा न वापरणे, अग्निशमन दलाला उशिरा कळवणे.

यातल्या एकाही चुकीला स्फोटकांचे ज्ञान लागत नाही. एकही चूक दारूगोळा हाताळणाऱ्या तंत्रज्ञाची नाही. दारूगोळा बर्कनहेडहून निघाला तसाच शांतपणे पेट्यांत पडून होता. त्याच्याभोवती माणसांनी काय रचले, काय सांगितले नाही आणि काय पुढे ढकलले, एवढ्यावर सगळे ठरले. विदर्भाच्याच पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ, सोनेगाव आबाजी इथे, २० नोव्हेंबर २०१८च्या सकाळी निकामी दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा माणसे मेली. त्यांत पोटासाठी पेट्या उचलायला आलेले गावचे मजूर होते. धोक्याची वस्तू आणि तिच्याबद्दल पुरेसे न सांगितला गेलेला माणूस यांची गाठ पडली की असे होते.

घर

म्हणून पुन्हा कापूस आणि दारू एका छपराखाली असलेल्या त्या घराकडे. ‘फोर्ट स्टिकिन’ने माणसांना साडेतीन तास दिले, कारण कापूस दाबलेल्या गाठींत होता आणि दारूगोळा पोलादी मजल्यापलीकडे. घरातला कापूस सुटा असतो. तो क्षणात पेटतो. काळ्या दारूला ठिणगी पुरते, घर्षणही पुरते, आणि पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ती बंद असेल तर डबाच बॉम्ब होतो. मधे पोलादी मजला नसतो, असते लुगड्याचे बोचके किंवा ज्वारीचे पोते.

वेचणीआधीची सीतादहीची पूजा करून पहिला वेचा घरात येण्याआधी दारूचा डबा त्या छपराखालून निघाला पाहिजे. बंदुकीचा परवाना आहे, दारू परवान्याच्या मर्यादेत आहे, तरी ती कापूस, चूल, देवघर आणि विजेच्या बोर्डापासून वेगळ्या, कुलूपबंद जागी हवी; टोप्या तिच्याजवळ नकोत; डब्यावर आत काय आहे ते ठळक लिहिलेले हवे. ओल धरलेली दारू वाळवायचा खटाटोप कधीच नको, ना उन्हात, ना चुलीपाशी. आजोबांच्या पश्चात परवाना संपलेला असेल, बंदूक आणि डबा माळ्यावर तसाच असेल, तर डबा उघडायचा नाही, हलवायचाही नाही. पोलीस ठाण्यात जाऊन सांगायचे आणि त्यांना न्यायला लावायचे. लोक हे टाळतात कारण विचारणा होईल अशी भीती वाटते. भीती खरी आहे. विचारणा होते. ठाण्यात दोन तास जातात, कधी चार चकरा होतात.

आणि कापूस पेटलाच, तर डबा काढायला कोणी आत जायचे नाही. खामगावहून, मलकापूरहून, बुलढाण्याहून बंब निघण्याआधी, फोनवर पहिल्याच वाक्यात सांगायचे: घरात दारू आहे, अमुक खोलीत आहे. परवाना नसला तरी सांगायचे. गुन्हा दाखल होईल तो नंतर होईल. पाइप घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या पोराला हे आत शिरण्याआधी कळायला हवे.